भक्तीचं तोंड उघडेपर्यंत

गाझियाबाद
५ सप्टेंबर

चि. संपतला ताईचे पोटभर आशीर्वाद.

संपा, भक्तीचं तोंड परत भक्तीचं झालं रे! बाकीचं मागाहून वाच, आधी हेमलताला सांग देवापुढे साखर ठेव म्हणून.

परवा ऑपरेशन झालं. सकाळी पोरीला आत नेली ती दिवेलागणीला बाहेर आणली. मी बाकावर बसून रामरक्षा म्हणत होते. मधला श्लोक आठवेना की परत पहिल्यापासून. शेजारी एक पंजाबी बाई होती, तिच्या नवऱ्याचं काहीतरी पोटाचं होतं. तिनं मला पराठा दिला, मी तिला तुझ्या मुंजीत तू कसा पळून गेला होतास ते सांगितलं. तिला मराठी येत नाही, मला पंजाबी येत नाही, पण दोघी हसलो.

तू म्हणशील, ताई फोन का करत नाहीस, कागद कशाला काळे करतेस. अरे, फोनवर तू दोन वाक्यांत ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस. कागदाला ठेवता येत नाही. आणि तिसरीपर्यंत शिकले ते कधी वापरायचं?

आता नीट सांगते. गौरी यायच्या आदल्या दिवशी भक्ती स्कूटरवरून पडली हे तुला कळलंच. युवराजनंच तिला उचलून दवाखान्यात आणली. सुरेखानं पोरीचं तोंड बघितलं. आई आहे, पण तिलाही ओळखू येईना. मी ओळखलं ते पायाच्या बोटांवरून, अंगठ्याजवळचं बोट लांब आहे ना आपल्या आईसारखं. कपाळाचं हाड आत गेलेलं, गालाचं मोडलेलं, वरचा जबडा कवटीपासून सुटून हलत होता, खालचा दोन जागी तुटलेला. डोळ्याखालचं हाड म्हणे कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं, ते फुटून डोळा खाली उतरला होता. सूज उतरेपर्यंत हात लावता येत नाही म्हणून इतके दिवस थांबले.

डॉक्टरीणबाई आहेत, क्षिप्रा नाव. एवढीशी चण, पण हात काय सांगू. त्यांनी मला समजावलं. डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत केसांच्या आत चीर द्यायची, पोरी हेअरबँड लावतात तिथं, आणि कातडं पुढं उतरवून कपाळाचं हाड जागेवर उचलायचं. मी डोळेच मिटले. पण म्हणाल्या, अम्माजी, केस आले की टाका दिसणारसुद्धा नाही. मग पट्ट्या लावतात, कसल्याशा हलक्या धातूच्या, आणि तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. नाव अवघड आहे, मी त्याला चांदी म्हणते. जन्मभर आतच राहणार. म्हटलं, सासरी सोनं घालून पाठवली होती, आता माहेरची चांदी अंगात.

आणि सगळ्यात आधी काय केलं ठाऊक आहे? दात. वरचे खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले तरच बाकीचा चेहरा त्यावर उभा राहतो. जात्याचा वरचा दगड खालच्यावर नीट बसला नाही तर पीठ पडेल का? तसंच. दात बसवले आणि वरचा-खालचा जबडा तारेनं बांधून टाकला. आता दीड महिना तोंड बंद. माझी कवळी करणाऱ्याला एवढी अक्कल असती तर मी आज ऊस खाल्ला असता.

त्यासाठी त्यांना जुना फोटो हवा होता. हसरा, दात दिसणारा. भक्तीचा फोन पडताना फुटला, सुरेखाच्या फोनमध्ये नुसती फुलं आणि सुप्रभात. शेवटी मी हॉलमधला लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला आणि काचेसकट मांडीवर घेऊन ऑटोनं गेले. मंगलाष्टकांच्या वेळचा तो. भक्ती पाटावर, आणि मामा म्हणून तू तिच्या पाठीशी उभा. तुझा फेटा डोळ्यावर आला आणि पोर खळखळून हसली, तेवढ्यात काढलेला. सगळे दात मोजून घ्यावेत असा. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर मोठा केला तेव्हा तुला कापलं. मी म्हटलं, राहू द्या हो, भाई है मेरा. त्या हसल्या, म्हणाल्या, अम्माजी, भाई की हड्डी नहीं टूटी ना.

तुझा फेटा पोरीच्या उपयोगी पडला बघ. मला सुरेखा एकच लेक, भक्तीला सख्खा मामा नाही, पण तू कधी जाणवू दिलं नाहीस.

युवराज रोज येतो. तिचा हात धरून बसतो, उठायचं नाव नाही. मी त्याला थर्मासमधला चहा देते, आल्याचा. इतकं करणारा नवरा हल्ली कुठं बघायला मिळतो? डॉक्टरीणबाईंनी त्याला हेल्मेटचं विचारलं, तर म्हणाला घरीच राहिलं. पोरीच्या तळहाताला खरचटलेलंसुद्धा नाही. आणि स्कूटर पालमला युवराजच्या दारात उभी आहे, जावईबापू उल्हासराव बघून आले, तिला एक ओरखडा नाही. देवाची कृपा. सगळं तोंडावरच निभावलं.

तू फोन उचलत नाहीस ते का? रानात रेंज नसेल. तब्येतीला जप.

तुझी ताई


गाझियाबाद
१९ सप्टेंबर

चि. संपत, आशीर्वाद.

भक्तीला घरी आणली. सूज उतरली आणि आतून आपली पोर निघाली, अगदी शेंगेतून दाणा निघावा तशी. डावा डोळा थोडा दमलेला दिसतो, तो होईल म्हणतात बरा. डोक्यावर मधोमध केसांचा एक पट्टा काढलाय. ती आरशात बघून रडली. मी म्हटलं, रडू नकोस, तुझ्या पणजीला एवढेही केस नव्हते. तर हसायला गेली आणि दुखलं, मग मलाच डोळे वटारले.

जेवण सगळं पातळ. गालाच्या आत, दातांच्या मागं जागा असते, तिथून सुई नसलेल्या पिचकारीनं सोडायचं. नाचणीची पेज, गाळलेलं वरण, मटणाचं पाणी. इथं नाचणी रागी म्हणून मिळते, दुकानदाराला नाचणी सांगितलं तर तो ‘नाच?’ म्हणून बघत राहिला. सुरेखा डब्यातली परदेशी पावडर देते, ती पोरगी थुंकते. माझी पेज पिते. हे मी चार जणांना सांगितलं, आता तुला सांगते.

आणि माझ्या कमरेला काय आहे ओळख. तार कापायची पक्कड! उलटी झाली आणि तोंड बंद असलं तर जीव गुदमरतो, म्हणून माणसानं कायम जवळ ठेवायची असते. सिस्टरनं मला दोनदा करून दाखवलं कुठली तार तोडायची ते. मी नाडीला अडकवली आहे. किल्ल्यांचा जुडगा गेला, आता पक्कड. देवळात गेले तर भटजी बघत होते.

आता जे लिहायचं ते लिहिते. मघापासून पेज नि पक्कड करते आहे.

घरी सोडलं त्या दिवशी युवराज गाडी घेऊन आला. म्हणाला, पालमला नेतो, आई सेवा करेल. आम्हाला काय, नवऱ्याचं घर. मी पिशवी भरायला लागले. तर भक्तीनं माझा पदर धरला, संपा. मी सोडवायला गेले तर मूठ उघडेना. युवराज हसून म्हणाला, आजीची लाडकी. पण तो हसला तशी तिनं पदर दुसऱ्या हातानंही धरला. मग मीच म्हटलं, राहू दे चार दिवस आमच्याकडे, माझी पेज लागते तिला. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

तो गेल्यावर तिनं पाटी मागितली. बोलता येत नाही म्हणून जावईबापूंनी लहान मुलांची पांढरी पाटी आणून दिली आहे, पेनानं लिहायची नि पुसायची. तिचं मराठी दिल्लीचं, लिहिलं असं: स्कूटर नव्हती. किचनचा स्लॅब होता.

स्लॅब म्हणजे ओटा. त्यानं तिचं डोकं धरून ओट्यावर आपटलं. एकदा नाही. ती म्हणाली होती, गौरीला आईकडे जाते. एवढंच म्हणाली होती.

आणि मी त्याला आल्याचा चहा पाजत होते. तो तिचा हात धरून बसायचा तो तिनं काही लिहू नये म्हणून बसायचा. मला कळलं नाही. तळहाताला खरचटलं नाही हे मी तुला आनंदानं लिहिलं!

सुरेखा तेव्हापासून नुसती भांडी घासते. जावईबापू पोलिसांत जाऊन आले. डॉक्टरीणबाईंना पहिल्यापासूनच शंका होती, त्यांनी कागदावर तसं लिहूनही ठेवलं होतं. पण भक्तीचा जबाब लागतो. लेखी दे म्हणाले, तर हिनं पाटीवर लिहिलं, बोलूनच सांगेन, लिहिलेलं हे लोक म्हणतील घरच्यांनी लिहून घेतलं. खरंच आहे. पालमची माणसं आत्ताच तसं बोलायला लागली आहेत. म्हणजे तार निघेपर्यंत थांबायचं.

तू ये, संपा. फोन नको, तू स्वतः ये. युवराजचे वडील, ते सुभेदार, तुझ्या पलटणीतले, तुझ्या बरोबरीनं बर्फात राहिलेले. स्थळ तूच आणलंस, आम्ही चौकशी करू म्हटलं तेव्हा तू हसून म्हणालास, ‘चौकशी कसली ताई, पलटणीतला माणूस म्हणजे घरचा. त्याच्या पोराची चौकशी म्हणजे माझी चौकशी.’ आम्ही गप्प बसलो. फौजी घरात शब्दावर शब्द विचारत नाहीत. तुझीसुद्धा फसवणूकच झाली रे. माझ्यापेक्षा तुला जास्त लागलं असेल हे मला कळतं. म्हणून रागावून बसू नकोस. ये आणि त्या सुभेदाराला पलटणीच्या भाषेत जाब विचार. भक्तीचा मामा आहेस तू.

येताना थोडी गावची नाचणी आण.

ताई


गाझियाबाद
६ ऑक्टोबर

संपत,

तू आलास, गेलास. समोर माणसं होती म्हणून मी काही बोलले नाही. आता बोलते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. उघडलं तर तू. मला इतका आनंद झाला की पक्कड खाली पडली. तुझ्या मागं सुभेदार उभे होते ते मला नंतर दिसले. मला वाटलं, धरून आणलास त्यांना. कान धरून माफी मागायला आणलास.

तू पिशवीतून पेढे काढलेस. साताऱ्याचे कंदी पेढे, आपल्या नेहमीच्या दुकानातले. ज्या पोरीचा जबडा तारेनं बांधलाय तिच्यासाठी. भक्तीनं पाटीवर लिहिलं, मामा, चावू कसे? आणि तू हसलास. म्हणालास, ‘ठेव गं, सगळं गोड झालं की खा.’ नाचणी विसरलास ते असू दे.

सुभेदार कोचावर बसून म्हणाले, ‘आक्का, भांड्याला भांडं लागतंच. आमच्या पोराचा हात जरा जड आहे.’

भक्ती सगळं ऐकत होती. तिनं लिहिलं, लिहून बराच वेळ पाटी छातीशी धरली आणि मग फिरवली. लिहिलं होतं, मी भांडं नाही.

सुभेदारांनी चष्मा नाही म्हणून वाचलं नाही. तू वाचलंस. आणि तू पंख्याकडे बघायला लागलास.

मी तेव्हाही मनाशी म्हणत होते, हा गोडीगुलाबीनं घेतोय, फौजी डाव आहे काहीतरी. सत्तरी उलटली तरी बाईला भावाबद्दल किती वेडी आशा असते बघ.

मग तू जावईबापूंना गॅलरीत घेऊन गेलास. मी चहा घेऊन मागून आले. दाराला पडदा होता. तुझा आवाज लहानपणापासून मोठा. तू सांगत होतास, ‘तुम्ही घाबरू नका उल्हासराव, मी मिटवून देतो. लोणंदच्या पोरीच्या वेळीसुद्धा मीच मिटवलं. युवराजचा तिच्याशी साखरपुडा झाला होता, आणि यानं हात उचलला. एका दातावर निभावलं. तिचा बाप कोर्टात चालला होता, मीच त्याला समजावून घरी बसवला.’ आणि तू अभिमानानं सांगत होतास, संपत. शेजारच्या शेताचा बांध मिटवल्यासारखा.

मी पडदा सारला आणि चहा दिला. तू घोट घेऊन म्हणालास, ‘ताई, साखर विसरलीस.’

साखर विसरले, खरं आहे.

जाताना जिन्यात तुला विचारलं, कधीचं हे लोणंदचं? तू म्हणालास, भक्तीच्या आधीच्या वर्षी. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? तू म्हणालास, ‘सुभेदारांना शब्द दिला होता ताई. बर्फात माझ्या पायाची बोटं गेली असती, त्यांनी पोटाशी धरून ऊब दिली. आणि वाटलं, दिल्लीची मुलगी आहे, शिकलेली, ती सांभाळून घेईल त्याला. सुधारेल.’

तुझी पायाची बोटं. मी तुला कडेवर घेऊन ओढ्यावर जायचे तेव्हा तीच बोटं पाण्यात बुडवून तू खिदळायचास. वाचली ते बरंच झालं, मी वाईट चिंतत नाही. पण त्यांचं देणं तू माझ्या नातीच्या तोंडानं फेडलंस.

तू इथं कँटोनमेंटमध्ये होतास तेव्हा एका संक्रांतीला आम्हाला पानिपतला, मराठे पडले तिथल्या काला अंब स्मारकाला घेऊन गेलास. आठवतं? तिथं तू भक्तीला कडेवर घेऊन सांगत होतास की आपली माणसं ज्यांच्या भरवशावर इथवर आली ते ऐन वेळी आले नाहीत. तुझ्या डोळ्यात पाणी होतं. चार वर्षांच्या पोरीनं तुझे डोळे पुसले. मला वाटायचं, माझा भाऊ असल्या गोष्टी जिवाला लावून घेणारा आहे.

लग्नात भटजी म्हणाले, मुलीच्या मामानं पाठीशी उभं राहावं. तू राहिलास. मला एकच विचारायचं आहे आणि त्याला उत्तर नको आहे. फेटा डोळ्यावर आला आणि पोर हसली, तेव्हा तिच्या दातांकडे बघून तुला लोणंदच्या पोरीचा दात आठवला का?

आणि शेवटी काय म्हणालास! ‘तार निघाली की पोलीस येतील. भक्तीला म्हणावं, स्कूटरच सांग. माझी गावात इज्जत आहे, ती तुझ्या हातात आहे ताई. भाऊबीजेला मी यायचं की नाही तेही तुझ्याच हातात.’

माझ्या हातात फक्त पक्कड आहे.

खरं सांगते, दोन दिवस मी भक्तीच्या खोलीत नीट गेले नाही. पेज सुरेखाच्या हाती पाठवली. माहेर म्हटलं की बाईच्या पोटात काय होतं ते तुला नाही कळणार. आई-बाप गेले, आता माहेर म्हणजे तूच. तुझ्या दारातली तुळस, तुझा तो खोकला. आपला बंब. तिसऱ्या दिवशी भक्तीनं मला हाक मारली, म्हणजे पाटीवर चमचा वाजवला. गेले. तिनं लिहिलं होतं, आजी, मामांनी तुला काय सांगितलं मला माहीत आहे. तू सांगशील तसं बोलेन.

ही असली पोर तुम्ही त्याला दिलीत.

मी पाटी पुसली आणि तिला केस विंचरून दिले. काही बोलले नाही. अजून बोलले नाही.

ठकूबाई


गाझियाबाद
१५ ऑक्टोबर

संपत,

आज तार निघाली.

डॉक्टरीणबाई पुटपुटत होत्या, बस बस बेटा, हो गया. बारीक बारीक तुकडे स्टीलच्या वाटीत टणटण पडत होते. मी त्यांना माझी पक्कड देऊ केली, तर म्हणाल्या, अम्माजी, ये आप घर पे रखिए, नथ बनवा लेना. विनोदी बाई आहे. मग म्हणाल्या, धीरे से मुँह खोलो. भक्तीनं उघडलं. एक बोट जाईल एवढंच. दीड महिना बंद असलेलं दार, बिजागरी गंजणारच. रोज व्यायाम करायचा आहे, आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. मी म्हटलं, काड्या मी जमवते, आइस्क्रीमसकट.

पहिला शब्द काय बोलली सांगू? म्हणाली, ‘आजी, तोंडाला वास येतोय.’ मी, सुरेखा, सिस्टर, सगळ्या रडलो नि हसलो. असा सुंदर वास मी जन्मात घेतला नाही.

आणि दात, संपत. वरचे खालचे एकावर एक, फोटोत होते तसे. डॉक्टरीणबाईंनी फोटो शेजारी धरून दाखवलं. गालाला थोडं बधिर आहे, हसताना डावा ओठ उशिरा येतो. पण येतो.

मग पोलीसबाई आल्या. बाहेर सुभेदार बसले होते. त्यांच्यासोबत तू नव्हतास, तुझा फोन होता. सुभेदारांनी तो माझ्या कानाला लावला. तू म्हणालास, ‘ताई, एक शब्द. तुझ्या एका शब्दावर आहे सगळं.’ मी म्हटलं, बरं, ठेवते. तुझंच वाक्य.

पोलीसबाईंनी खुर्ची ओढली, म्हणाल्या, ‘बोलिए बेटा, आराम से. क्या हुआ था?’

भक्तीनं माझ्याकडे बघितलं. तिनं सांगितलं होतं ना, तू सांगशील तसं. खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हिंदी धड येत नाही, कायदा येत नाही. मला एवढंच ठाऊक होतं की त्या खोलीत तिच्या मागची जागा रिकामी होती. मी उठले आणि जाऊन तिच्या पाठीशी उभी राहिले. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, जसे तू ठेवले होतेस.

ती म्हणाली, ‘स्कूटर नहीं थी.’

अडखळत, एका बोटाएवढ्या तोंडातून, सगळं सांगितलं. ओटा, गौरी, त्याआधीचंही. त्याआधीचं आम्हाला ठाऊक नव्हतं. मग लोणंदचं जावईबापूंनी सांगितलं, तुझ्याकडून गॅलरीत ऐकलेलं. तुझं नाव आलं. मी अडवलं नाही.

युवराजला संध्याकाळी नेलं.

ठकूबाई


गाझियाबाद
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

श्री. संपतराव यांस,

हेमलताचा फोन आला होता. खूप रडली. तुम्ही जेवत नाही म्हणाली. तिला म्हटलं, नाचणीची पेज कर, पातळ पोटाला सोसते. लोणंदच्या मुलीच्या वडिलांचाही फोन आला होता, जावईबापूंना. ती मुलगी बोलायला तयार आहे. तिचं नाव अश्लेषा आहे. तुम्हाला ठाऊक असेलच, पण तुमच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं म्हणून लिहिलं.

लग्नाचा फोटो दवाखान्यातून परत मिळाला. सुरेखा कात्री घेऊन आली होती. मी नको म्हटलं. त्यात पोर हसते आहे आणि तुम्ही पाठीशी उभे आहात. मला दोन्ही खरं वाटत होतं. एक तरी होतं. फोटो कपाटात ठेवला आहे, पुन्हा कधी दात बसवायची वेळ आली तर लागेल.

भक्तीनं आज वरणभात खाल्ला. कालवून, बोटानं दाबून, पण दातांनी खाल्ला. दोन काड्या सहज जातात, तिसरी जाताना शिव्या देते. हिंदीत देते, मला समजतात, तिला वाटतं नाही समजत. तुमचे पेढे फ्रिजमध्ये दगड झाले होते. सुरेखानं दुधात उकळून खीर केली. अन्न टाकू नये. भक्तीनं एक चमचा घेतला आणि वाटी खाली ठेवली. मीही घेतली नाही.

संध्याकाळी ताट केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. दरवर्षीचा हात, चुकत नाही. मग ज्या बायांना भाऊ नसतो त्या करतात तसं केलं. गच्चीवर गेले. पाठोपाठ भक्ती आली, डोक्याला ओढणी बांधून. दिवाळीच्या धुरानं इथं आभाळ दिसत नाही, चंद्र तर दुजेचा, नखाएवढा. ती म्हणाली, ‘आजी, नहीं दिख रहा.’ म्हटलं, असू दे, आहे तिथंच.

आणि मी चंद्राला ओवाळलं.

ठकूबाई